मागच्या बाजूची दोन काजं

मास्तरांच्या बाहेरच्या खोलीत शिवणाचं मशीन होतं, आणि मशीनसमोर भिंतीला लागून एका बुटक्या टेबलावर एक जड लोखंडी पेटी. पेटीवर राखाडी कापडाचा अभ्रा. माप द्यायला आलेलं गिऱ्हाईक हमखास विचारायचं, "मास्तर, हे काय झाकून ठेवलंय?"

मास्तर तोंडातल्या टाचण्या काढून सांगायचे, "ॲम्प्लिफायर आहे. आमच्या हिने केलेला."

गिऱ्हाइकाला वाटायचं, घेतलेला. मग मास्तर पुन्हा सांगायचे, "घेतलेला नाही हो, केलेला. हाताने. आतली तारसुद्धा तिनेच गुंडाळलीय." एवढं सांगून झाल्याशिवाय ते गिऱ्हाइकाच्या छातीला टेप लावत नसत.

बायको गेली त्याला वर्ष होत आलं होतं, पण मास्तरांचं सांगणं कमी झालं नव्हतं. उलट वाढलं होतं. लेक म्हणायची, "बाबा, लोक पँट शिवायला येतात, आईचं चरित्र ऐकायला नाही."

"पँट कुठेही शिवून मिळते," मास्तर म्हणायचे.

ती वाइंडिंगचं काम करायची. जळालेल्या मोटारी, पंखे, ट्रान्सफॉर्मर उसवायचे आणि नव्या तांब्याच्या तारेने पुन्हा भरायचे. गल्लीत तिला 'तारवाली' म्हणत. आधी चिडवायला म्हणत, नंतर मानाने म्हणायला लागले, आणि हा बदल कधी झाला ते कुणाच्या लक्षातही आलं नाही. तिचा कान असा, की शेजारच्या घरातला पंखा इथे बसून ऐकायची आणि म्हणायची, "त्यांना सांगा, पंख्याची गुंडाळी सैल झालीय. महिन्याभरात बंद पडेल." पंखा महिन्याभरात बंद पडायचा. शेजारीण म्हणायची, दृष्ट लावली.

कामात ती कुणाचं ऐकून घ्यायची नाही. तारेचा एक वेढा चुकीचा पडला, तर अख्खी गुंडाळी उलगडायला लावायची. मास्तरांनी शिवलेली पिशवीसुद्धा तिने एकदा परत दिली होती, बंद सारख्या लांबीचे नाहीत म्हणून. उतारवयात तिने चार बायकांना घेऊन वाइंडिंग शिकवायचं वर्कशॉप काढलं. चाराच्या चाळीस झाल्या. आता त्या बायकांनी वर्कशॉपला लागून एक हॉल बांधला होता, आणि हॉलला तारवालीचं नाव द्यायचं ठरवलं होतं.

त्यातल्या दोघी एका सकाळी मास्तरांकडे आल्या. थोरली म्हणाली, "मास्तर, बाईंची पेटी आम्हाला पाहिजे. नुसती मांडून ठेवायला नाही, वाजवायला. रविवारी हॉल उघडायचाय. पहिला आवाज बाईंच्या पेटीतून आला पाहिजे."

मास्तर "बघतो" म्हणाले. दुसरं काही बोलता आलं असतं तर बोलले असते. त्या दिवशी त्यांनी एका सदऱ्याला दोन्ही बाह्या डाव्या लावल्या.

आनंदावर विरजण घातलं मामाने. मामा म्हणजे मास्तरांचा मेहुणा, तारवालीचा धाकटा भाऊ. घरात सगळे त्याला मामाच म्हणत. त्याचा लाउडस्पीकर भाड्याने देण्याचा धंदा होता, मोठा होता. लग्न असो, सभा असो, आधी मामाची गाडी यायची आणि मग माणसं. बोलायला फटकळ, पण कानाचा पक्का, आणि बहिणीवर जीव.

"दाजी, वाईट वाटून घेऊ नका," तो म्हणाला. "मी ताईचा सख्खा भाऊ आहे, म्हणून सांगतो. ती पेटी चार लोकांत वाजवायची नाही. घोरते ती."

हे खरं होतं. पेटी चालू केली की स्पीकरमधून एक बारीक 'घूंऽऽ' यायचं. गाणं लागलं की ते गाण्याखाली दडायचं, गाणं थांबलं की पुन्हा वर यायचं. घरात याची थट्टाच झाली होती. पाहुण्यांनी विचारलं की लेक लहानपणी सांगायची, "आतमध्ये आजोबा झोपलेत." आणि मामा तर आल्या आल्या चपला काढायच्या आधी विचारायचा, "काय ताई, घोरतेय का तुझी पेटी?" तारवाली हसायची. कधी वाद घातला नाही. जगातल्या प्रत्येक गोष्टीवर वाद घालणारी बाई या एकाच गोष्टीवर हसून गप्प बसायची, पण हे मास्तरांच्या कधी ध्यानात आलं नव्हतं. रोजचं असलं की दिसत नाही.

"मग काय करायचं म्हणतोस?" मास्तरांनी विचारलं.

"नवा सेट मी देतो. हॉलला माझ्याकडून भेट. ताईची पेटी काचेच्या कपाटात ठेवू. दिवा लावू वर, पाटी लावू. येणारे-जाणारे बघतील."

"कपाटात?" मास्तर म्हणाले. "मुकी? जन्मात कधी गप्प बसली का रे ती, आता तिला काचेत गप्प बसवतोस?"

"दाजी, उद्या हॉलमध्ये लोक म्हणतील, ही तुमची तारवाली? हिच्या हाताखाली शिकलात तुम्ही? ते मला ऐकवणार नाही. तुम्हाला ऐकवेल?"

मास्तरांना ते ऐकवलं नसतं. त्यांनी मशीनचं चाक उगाच हाताने फिरवलं. शेवटी लेक मध्ये पडली. शुक्रवारी दुपारी सगळ्यांसमोर पेटी वाजवून बघू. मामा ऐकेल. मामा हो म्हणाला तर पेटी हॉलमध्ये वाजेल, नाही म्हणाला तर कपाटात जाईल.

"मी खोटं बोलणार नाही हं," मामाने बजावलं. "ताईसाठीसुद्धा नाही."

"तिलाही चाललं नसतं," मास्तर म्हणाले.

शुक्रवारी मास्तरांनी दुकान बंद ठेवलं. लेक आली, येताना एक मुठीएवढा काळा डबा घेऊन आली. लेक चष्म्याच्या दुकानात काम करायची. तिथेच तिच्या सोबतिणीच्या नवऱ्याला गाण्याचं वेड, त्याच्याकडून तिने तो डबा आणला होता.

"हा डॅक," ती म्हणाली. "बाबा, फोनमधलं गाणं म्हणजे नुसते आकडे असतात. हा डबा त्या आकड्यांची वीज करतो. मग आईची पेटी ती वीज मोठी करते आणि स्पीकर हलवते. हॉलमध्येही गाणी कॉम्प्युटरवरूनच लागणार, म्हणजे तिथेही असा डॅक लागणारच."

आता तारवालीच्या पेटीला स्वतःचं आवाजाचं बटण पुढच्या बाजूला नव्हतं. नुसती ताकद होती तिच्यात. आवाज कमी-जास्त करायला तिच्या शेजारी एक लाकडी डबा असायचा, प्रीॲम्प. तो मामाने केलेला. एकोणिसाव्या वर्षी, स्वतःच्या हाताने केलेलं त्याचं पहिलं यंत्र. बहिणीने पेटी पुरी केली त्याच आठवड्यात तो डबा घेऊन आला होता आणि दारातूनच ओरडला होता, "ताई, तुझ्या धडाला डोकं आणलंय!" तेव्हापासून दोन्ही एकत्र, एकाच स्विचवर. पेटी लागली की डबा लागायचा, डबा बंद की पेटी बंद.

लेकीने डॅक मामाच्या डब्याला जोडला, डबा पेटीला आधीच जोडलेला होता. स्विच दाबला. पेटीचा लाल दिवा लागला आणि स्पीकर बोलला:

'घूंऽऽ.'

"बघा," मामा म्हणाला. त्याला आनंद झाला नव्हता. "आता आवाजाचं बटण शून्यावर आणतो. आणलं. थांबलं का? नाही. म्हणजे दोष डोक्यात नाही, धडात आहे. हे मी किती वर्षं सांगतोय?"

"मामा, तुमचं डोकं मधून काढलं तर?" लेक म्हणाली.

"काय म्हणालीस?"

"डबा हो. डॅकमधून तार सरळ आईच्या पेटीत घालायची. मध्ये काहीच नको. आमच्या दुकानात डोळे तपासताना भिंगावर भिंग चढवतात ना, प्रत्येक भिंग थोडा थोडा उजेड खातं. जेवढी भिंगं कमी, तेवढं साफ दिसतं."

मास्तरांना ते पटलं. अस्तरावर अस्तर घातलं की कोट अंगावर नीट पडत नाही, हे त्यांना कुणी सांगायला नको होतं.

मामाने मात्र कपाळाला हात लावला. "अगं बाई, टाकीला नळ जोडायचा आणि तोटी लावायची नाही? पाणी सुटलं की घर धुऊन निघेल. आईची पेटी म्हणजे काही खेळणं नाही."

"तोटी डॅकमध्येच आहे. फोनवरून आवाज कमी करता येतो. हे बघा, एकदम कमी केला."

"फोनवरच्या तोटीवर विसंबायचं नसतं."

"करून तर बघू."

मामा खाली जाऊन गाडीतून एक जुना स्पीकर घेऊन आला. "हा बळीचा बकरा. जे काय करायचं ते याच्यावर. ताईच्या स्पीकरला हात लावशील तर बघ." ताईच्या स्पीकरांना मास्तरांनी शिवलेलं जाळीचं कापड होतं. ते स्पीकर सोडवून मामाने स्वतः बाजूला ठेवले.

लेकीने लाकडी डबा मधून काढला. डॅकची तार पेटीला लावली, बकरा पेटीला लावला. फोनवर गाणं लावलं. मास्तरांनी स्विच दाबला.

पुढे जे झालं ते गाणं नव्हतं. भिंतीवरची कात्री खिळ्यावरून निसटली, बटणांचा डबा मशीनवरून खाली आला, आणि बकऱ्यातून फाटक्या ताडपत्रीसारखा आवाज आला. मास्तरांनी स्विचवर जवळजवळ उडी घातली. सगळं शांत झालं तेव्हा वरच्या मजल्यावरून शेजाऱ्याचा आवाज आला, "मास्तर! घर पडलं का?"

"नाही हो, उभं आहे!" मास्तर ओरडले.

बकऱ्याचा पडदा मधोमध फाटला होता. लेक डॅककडे बघत उभी होती. मग तिने कपाळावर हात मारला. मामाच्या डब्याला जोडताना तिने डॅकचा आवाज पूर्ण करून तिथेच पक्का करून ठेवला होता. मध्ये आवाजाचं बटण असलं की तसंच करायचं असतं. ते बदलायचं राहिलं. मग फोनवरचा आवाज कितीही कमी केला तरी डॅकने ऐकलं नव्हतं.

"आता कळलं," ती म्हणाली. "आता बदलते. पुन्हा नाही होणार."

"तुझ्याकडून नाही होणार," मामा म्हणाला. त्याचा आवाज मऊ होता. "पण हॉलमध्ये कोण असेल? उद्या तिथल्या कुठल्या पोरीचा चुकून हात लागला, की झालंच. लोक म्हणतील तारवालीच्या पेटीने कान फोडले. घोरणं परवडलं त्यापेक्षा." तो मास्तरांकडे वळला. "दाजी, मी पुष्कळ बघितलं. कपाटच बरं."

त्याचं म्हणणं खोटं नव्हतं, तेच वाईट होतं. मास्तरांनी जमिनीवरची बटणं गोळा केली. मग अभ्रा उचलला. झाकून ठेवावी पेटी, एवढंच त्यांच्या मनात होतं. सवयीने त्यांची बोटं कापडाच्या कडेकडेने फिरली आणि मागच्या बाजूला एका जागी थांबली.

दोन काजं.

हाताने केलेली, रेशमी दोऱ्याची, कोटाच्या बटणाएवढी. शिंप्याला स्वतःचं काज अंधारातही ओळखू येतं. ही त्यांची होती, चांगल्या दिवसांतली. आणि एकदम त्यांना ती दुपार आठवली. पेटी पुरी झालेली, ती कमरेवर हात ठेवून उभी, आणि गिऱ्हाइकासारखं माप सांगत होती. "पुढे दिव्यापुरती खिडकी ठेवा. वर हवा जायला जाळी. आणि मागे दोन काजं करा, मी खूण केलीय तिथे."

"मागे बटणं कशाला गं? हा अंगात कोण घालणार आहे?"

"तुम्ही करा हो. लागतील."

त्यांनी केली. तिला हसत हसत केली. पण वापरलेल्या काजाच्या कडा मऊ पडतात, दोरा झिजतो, आणि ही दोन काजं आजही कालच केल्यासारखी कडक होती. इतक्या वर्षांत त्यांतून काही गेलंच नव्हतं. काजाला काम नाही असं काज मास्तरांनी आयुष्यात कधी केलं नव्हतं, आणि बिनकामाचं काही सांगेल अशी ती नव्हती.

"इकडे ये जरा," ते लेकीला म्हणाले. "पेटी फिरवायची आहे."

"बाबा, जड आहे."

"म्हणून तर तुला बोलावतोय."

दोघांनी मिळून पेटी फिरवली. जन्मापासून भिंतीकडे तोंड करून असलेली तिची पाठ उजेडात आली. मास्तरांनी अभ्रा वरून घातला, शिवणी जुळवल्या, आणि काजांतून बघितलं. उजव्या काजात एक छोटं काळं बटण होतं. डाव्या काजात दुसरं. अगदी मापात. दोन्ही बटणांच्या मुळाशी लाल रंगाचा एक एक ठिपका होता, सुकून कडक झालेला.

"हे काय लावलंय?" लेक म्हणाली. "नेलपॉलिश?"

मास्तरांना ती बाटली माहीत होती. लग्नानंतर थोड्याच दिवसांत ती घरात दिसली, तेव्हा त्यांना वाटलं होतं, बायको आपल्यासाठी नटणार. त्यांनी आठवडाभर वाट बघितली. बाटली हत्यारांच्या डब्यात गेली आणि तिथेच राहिली. विचारायची काही त्यांना हिंमत झाली नाही.

मामा गुडघ्यावर बसला होता. त्याने काजाला डोळा लावला, मग अभ्रा वर केला, पुन्हा वाकून बघितलं.

"तोट्या," तो म्हणाला. "ताईने तोट्या बसवल्यात. उजव्याला एक, डाव्याला एक. पेटीतच! बाहेरून कितीही जोरात येऊ दे, इथे आवळलं की झालं. आणि पूर्ण उघडून सील केल्यात. बटण एकदा लावलं की हलू नये म्हणून आम्ही असाच ठिपका देतो." तो थांबला. "पण हिने तोट्या केल्या होत्या, तर माझा डबा कशाला..."

त्याने वळून आपल्या लाकडी डब्याकडे बघितलं.

"सील काढता येईल?" मास्तरांनी विचारलं.

"मी काढतो."

"सोड. हे माझ्या हातचं काम आहे."

मास्तरांनी काजं कापायची बारीक पाती घेतली. लाल पापुद्रे एक एक करून निघाले आणि त्यांनी ते एका कागदात जमा केले. का केले ते कुणी विचारलं नाही. मग त्यांनी अभ्रा नीट बसवला, काजांतून बोटं घालून दोन्ही बटणं धरली आणि फिरवली. इतक्या वर्षांनी ती फिरली, आणि शिंप्याच्या बोटांना आवडेल अशी फिरली. सैल नाही, घट्ट नाही. त्यांनी ती पूर्ण मिटवली.

"डॅकचं काय करू?" लेकीने विचारलं. "आवाज कमी करू?"

"पूर्णच ठेव," मामा म्हणाला. "आता ओरडू दे त्याला. ताई बसलीय दारात."

आधी फाटक्या बकऱ्यावर करून बघितलं. काही झालं नाही, घर हललं नाही, वरून कुणी ओरडलं नाही. मग मामाने स्वतःच्या हाताने ताईचे स्पीकर जोडले. मास्तरांनी स्विच दाबला. लाल दिवा लागला.

आणि काहीच झालं नाही.

"चालू झाली नाही," मामा म्हणाला. त्याने प्लग दाबून बघितला, तारा बघितल्या. दिव्याकडे बोट केलं. "दिवा तर आहे." मग त्याने जमिनीवर बसून स्पीकरच्या कापडाला कान लावला. मास्तरांनी दुसऱ्या स्पीकरला लावला. साठी उलटलेला एक माणूस आणि साठीला टेकलेला एक माणूस, दोघे दोन स्पीकरांना चिकटून बसलेले बघून लेकीला हसू आलं. पण त्यांचे चेहरे बघून ती हसली नाही.

'घूंऽऽ' नव्हतं. शेजारच्या नळाचं पाणी ऐकू येत होतं. रस्त्यावरची सायकल ऐकू येत होती. पेटी ऐकू येत नव्हती.

"लाव," मास्तर म्हणाले.

लेकीने गाणं सुरू केलं. मास्तरांनी मागे जाऊन काजांतून दोन्ही बटणं हळूहळू उघडली. एक जुनं संथ गाणं होतं, बाईचा आवाज. या घरात ते इतक्या वेळा लागलं होतं की भिंतींनाही पाठ असेल. दोन ओळी झाल्या आणि मास्तरांनी हात वर केला.

"थांबव. पुन्हा पहिल्यापासून लाव."

"काय झालं बाबा?"

"ती श्वास घेते."

"कोण?"

"गाणारी. ओळ सुरू करायच्या आधी. ऐक."

तिने पुन्हा लावलं. तिघांनी ऐकलं. ओळीच्या आधी, अगदी स्पष्ट, त्या बाईने छाती भरून श्वास घेतला आणि मग गाणं सुरू केलं. एवढी वर्षं तो श्वास तिथेच होता, घोरण्याखाली झाकलेला.

गाणं संपल्यावर मामाने आपला लाकडी डबा मांडीवर घेतला, खिशातून स्क्रू ड्रायव्हर काढला आणि मागचं झाकण उघडलं. आत एक नजर टाकली, आणि तो हसायला लागला. हसताना डोळे पुसत होता.

"बघा दाजी. बघा हा शहाणा. ट्रान्सफॉर्मर कुठे बसवलाय? आवाजाच्या बटणाच्या पुढे, बाहेर जाणाऱ्या तारेच्या डोक्यावर! त्याची घरघर बटण ओलांडल्यावर तारेत शिरते. बटण शून्यावर आणा नाहीतर डबा विहिरीत टाका, हा घोरणारच. माझ्याकडे नवा माणूस कामाला आला तर पहिल्या आठवड्यात त्याला हे कळतं. आणि मी जन्मभर ताईला सांगत राहिलो, तुझी पेटी घोरते."

"आईला कळलं नसेल?" लेकीने विचारलं.

दोघांनी तिच्याकडे बघितलं. शेजारच्या घरातला पंखा भिंतीपलीकडून ओळखणारी बाई ती.

"एकदा म्हणाली होती," मामा हळू म्हणाला. "तुझा डबा जरा उघडून बघू का रे? मी तेव्हा पोरगा. म्हटलं, माझ्या कामावर विश्वास नाही तर परत दे. आणि निघून गेलो. दोन महिने आलो नाही."

मास्तरांना ते दोन महिने आठवत होते. कारण माहीत नव्हतं, पण ती दाराकडे तोंड करून जेवायला बसायची, ते आठवत होतं. मग एक दिवस मामा आला, ती उठली, त्याला वाढलं, आणि त्या दिवसापासून पेटी घोरायला लागली की ती हसायची.

एका चुकीच्या वेढ्यासाठी अख्खी गुंडाळी उलगडणारी बाई. मास्तरांना आजवर तिच्या हाताचा अभिमान होता, तिच्या कानाचा होता. आता त्यांना कळलं, की आपण गिऱ्हाइकांना सांगत होतो ते अर्धंच होतं.

"मला सांगायचं होतं तिने," मामा म्हणाला.

"काय सांगायचं? धाकटा होतास तू," मास्तर म्हणाले. "चहा टाक गं. मामाचा निकाल ऐकायचाय."

मामाने झाकण लावलं, चारही स्क्रू नीट आवळले. "निकाल काय? पेटी वाजणार. मी वाजवणार. माझे सगळे सेट गाडीत राहतील." मग तो म्हणाला, "पण कपाट मी आधीच सांगून ठेवलंय. काचेचं, आतून दिव्याचं. ते फुकट जाऊ द्यायचं नाही. त्यात हा डबा ठेवा."

"तुझा? आणि पाटीवर काय लिहायचं?"

"लिहा, 'घोरत होता तो हा.'"

रविवारी हॉल भरला. बायका, त्यांची घरची माणसं, गल्लीतले अर्धे लोक. तारवालीची पेटी पुढच्या टेबलावर होती, त्याच राखाडी अभ्र्यात. मास्तरांनी धुऊन इस्त्री केला होता, नवा शिवायला नकार दिला होता. मागच्या दोन बटणांवर लेकीने नव्या नेलपॉलिशचा एक एक ठिपका दिला होता, मामाने कानाने ठरवलेल्या जागी, म्हणजे कुणाचाही हात लागला तरी घर पडणार नाही. बाजूच्या कपाटात दिव्याखाली लाकडी डबा होता आणि लोक पाटी वाचून हसत होते, आणि मामा प्रत्येकाला डब्याचं झाकण उघडून चूक दाखवत होता.

थोरल्या बाईने मास्तरांना खूण केली. मास्तरांनी स्विच दाबला. लाल दिवा लागला. हॉल शांत झाला, आणि शांतच राहिला.

"मास्तर, चालू करा ना," मागून कुणीतरी म्हणालं.

"चालूच आहे," मास्तर म्हणाले.

आणि मग गाणं लागलं. आधी श्वास, मग ओळ. वाइंडिंगच्या बायका कानाच्या तयार. त्यांतल्या चार-पाच जणींनी एकमेकींकडे बघितलं. काय ऐकलं ते त्यांना कळलं होतं.

गाणं झाल्यावर एक पाहुणा पुढे आला. पेटीभोवती फिरला, वाकून जाळीतून आत बघितलं. "फारच स्वच्छ आवाज हो. कुठून घेतलाय हा?"

मास्तरांनी तोंड उघडलं. इतक्या वर्षांचं वाक्य ओठावर आलं होतं. पण मामा कपाट सोडून धावत आला, दोघांच्या मध्ये उभा राहिला आणि अख्ख्या हॉलला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "घेतलेला नाही हो, केलेला. आमच्या ताईने. आतली तारसुद्धा तिनेच गुंडाळलीय."

मास्तरांनी तोंड मिटलं. त्यांनी खिशातली टेप काढली, उगाच गुंडाळली, आणि पहिल्या रांगेत जाऊन बसले. आज त्यांना काही सांगावं लागणार नव्हतं.